परत आलेल्या फौजीला विचारा

माझे वडील, आमचे आबा, गेले तेव्हा गाव लोटलं होतं. माजी सैनिक आले, तिरंगा आला, श्रद्धांजलीची भाषणं झाली. सगळ्यांनी त्यांना शूर म्हटलं आणि ते खरंच होतं. पण त्यांनी कुठे, काय केलं हे एकाही वक्त्याला सांगता आलं नाही. हे मला फार लागलं.

आबा फर्स्ट मराठाचे, म्हणजे जंगी पलटणीचे शिपाई. डिसेंबर १९७१च्या बांगलादेश युद्धात लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पिछाडीला गेली आणि तिने ढाक्याची वाट अडवली. जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलुच पलटण होती. भारतीय ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर क्लेर यांनी सायकलवरून एका म्हाताऱ्याच्या हाती 'शरण या' असं पत्र त्यांना धाडलं. उलट टपाली नकार आला, सोबत बंदुकीची एक गोळी. १० डिसेंबरच्या रात्री बलुचांनी वेढा फोडायचा प्रयत्न केला. मराठ्यांनी तो मोडून काढला. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं आणि १६ डिसेंबरला ढाका.

एवढं पुस्तकांत मिळतं. पुढचं मला आबांनी सांगितलं, मी विचारत गेले म्हणून. मोर्चे खणताना हाताला आलेले फोड, ओल्या बुटांत ठणकणारी बोटं, गावकऱ्यांनी आणून दिलेले मुरमुरे. अंधारात माणसं पुढे सरकतायत हे कळत असूनही हुकूम येईपर्यंत बोट ट्रिगरवर नुसतं ठेवायचं, ते सगळ्यांत कठीण गेलं, असं ते म्हणायचे. त्यांच्या मोर्चातला पाटणकडचा जोडीदार त्या रात्री गेला. त्याची आई हयात असेपर्यंत दर डिसेंबरात आबांची मनिऑर्डर तिच्या नावाने जायची. आमच्या घरात साखरेची चणचण असली तरी त्या पैशांना माझ्या आईने कधी हात लावला नाही. पोचपावत्या अजून काळ्या ट्रंकेत आहेत.

पंधरा वर्षांची नोकरी करून आबा पेन्शनवर आले आणि साखर कारखान्यात रात्रपाळीचे वॉचमन झाले. आई आजारी पडली तेव्हा पाळी संपवून सकाळी घरी आले की चूल पेटवायचे, आजीला आंघोळीचं पाणी काढून द्यायचे, मग माझ्या वेण्या घालायचे. रिबिनीची दोन्ही टोकं सारखी आली नाहीत तर सोडून पुन्हा बांधायचे. पोरीला शाळेला उशीर होता कामा नये, हा घरातला पहिला नियम. जमालपूरच्या मोर्चात रात्रभर टिकून राहिलेला माणूस आणि ही वेणी घालणारा माणूस एकच होता. मला दोघांचाही सारखाच अभिमान आहे.

आपण हुतात्म्यांना विसरत नाही, ते योग्यच आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांची आठवण दगडात कोरलेली आहे. ती राहायलाच हवी. पण जे परत आले, त्यांनी लढाई पाहिली आणि नंतर पन्नास वर्षं संसारही केला. त्यांच्याकडे जे आहे ते कुठल्याही दगडावर मावत नाही. ते फक्त विचारून मिळतं. १९७१ला विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहे. फार वेळ उरलेला नाही.

त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचं काम अवघड नाही. गावातल्या हायस्कूलने नववीच्या मुलांना मोबाईल घेऊन या माजी सैनिकांकडे पाठवावं. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी प्रकल्प म्हणून ते हाती घ्यावं. बहुतेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय आहे. या ध्वनिमुद्रणांची नोंद आणि जपणूक तिथे व्हावी. मात्र "किती शत्रू मारले?" असं मुलांनी विचारू नये. काय खाल्लं, शेजारी कोण होतं, घरी पत्र कसं पोचायचं, परत आल्यावर झोप लागायची का, हे विचारावं. आणि त्यांच्या बायकांनाही विचारावं, कारण त्या काळात घर, शेत आणि म्हातारी माणसं त्यांनीच सांभाळली.

२६ जानेवारीला माजी सैनिकांना शाल-श्रीफळ जरूर द्या. पण सत्कार झाल्यावर त्यांना खुर्चीत बसवा आणि तास-दोन तास बोलू द्या. आपल्यासाठी लढून आलेल्या माणसाचं म्हणणं ऐकून घेणं, एवढं तर आपण त्याचं देणं लागतोच.