आपल्या दफनाचा खर्च आपणच बाजूला ठेवावा

मरणाची तयारी हा विषय घरात काढला की 'असे अभद्र बोलू नका' म्हणून बोलणे तोडले जाते. मुलीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षे पै-पै साठवणारे कुटुंब, जी गोष्ट नक्की घडणार आहे तिच्यासाठी मात्र काहीच ठेवत नाही. मग मयत घरात असताना मुलाला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे उसने मागत फिरावे लागते. दुःखाच्या त्या घटकेला कुणी हिशेब विचारत नाही आणि कुणी नकोही म्हणत नाही. कर्ज तेथूनच सुरू होते.

खरे पाहता दफन हे कमी खर्चाचे काम आहे. पुरुषाला तीन व स्त्रीला पाच कापडांचे कफन, गुस्लचे सामान, कापूर, कबर खोदणाऱ्याची मजुरी, कबरीवरच्या फळ्या आणि कबरस्तान लांब असेल तर वाहन. श्रीमंताला आणि गरिबाला पुरते ते एवढेच. खर्च वाढतो तो नंतर. जियारत, दहावा, चाळिसावा, बरसी अशा जेवणावळी एकामागून एक उठतात. शिकवण तर नेमकी उलटी आहे : ज्या घरात मृत्यू झाला, त्या घरी शेजाऱ्यांनी जेवण पोहोचवावे. आपण मात्र रडणाऱ्या घरालाच चुलीपुढे बसवले आहे.

याचा भार कुणावर पडतो, हे नीट पाहिले पाहिजे. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात मृताच्या मालमत्तेचा क्रम स्पष्ट आहे. आधी दफनाचा वाजवी खर्च, मग कर्जफेड, मग जास्तीत जास्त एक तृतीयांश हिश्श्यापुरती वसियत आणि उरलेले वारसांचे. पत्नीला न दिलेला मेहर हेही कर्जच, म्हणून तो वाटणीच्या आधी द्यायचा असतो. चाळिसाव्याची जेवणावळ या क्रमात कुठेही बसत नाही. तरी प्रत्यक्षात जेवणावळ होते आणि मेहरचा विषयही निघत नाही. म्हणजे पाहुण्यांच्या ताटात पडते ते विधवेचे आणि अज्ञान मुलांच्या वाट्याचे असते. हयातीत ज्याने 'माझ्यामागे जेवणावळ करू नका' असे लिहून ठेवले, त्याने आपल्या बायकामुलांना मोठा आधार दिला असे समजावे.

पैसे ठेवायचे कसे? काही देशांत दफन-दहनाचे पैसे कंपन्यांकडे आगाऊ भरण्याची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये मार्च २०२२ मध्ये अशी एक कंपनी बुडाली आणि सुमारे ४६ हजार ग्राहक अडचणीत आले. हा सगळा व्यवसाय तेथे वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली आला तो २९ जुलै २०२२ पासून, तोवर फार उशीर झाला होता. यातून आपण एवढेच घ्यावे की तयारी आधी करावी, पण पैसा आपल्या ताब्यात ठेवावा. विश्वासातल्या माणसाबरोबर बँकेत संयुक्त खाते उघडावे आणि दोघांपैकी कुणालाही व मागे राहणाऱ्याला पैसे काढता येतील, अशी नोंद करून घ्यावी. एकट्याच्या नावावरचे खाते मृत्यूनंतर लगेच हाती येत नाही. नामनिर्देशन जरूर करावे, पण ज्याचे नाव दिले तो मालक होत नाही, त्याने ती रक्कम वारसांपर्यंत पोहोचवायची असते, हेही घरात सांगून ठेवावे.

दुसरा मार्ग जमातीचा. दरमहा थोडी वर्गणी आणि त्यातून प्रत्येकाचे कफन-दफन, ही भिशीइतकीच साधी व्यवस्था आहे. मात्र तिला शिस्त हवी. वर्गणीची पावती मिळावी, वर्षाचा हिशेब मशिदीच्या फलकावर लागावा. विधवा, तलाक झालेली, एकटी राहणारी स्त्री हिला स्वतःच्या नावाने सभासद होता यावे. आणि वर्गणी थकली किंवा कुणाशी मतभेद झाला म्हणून मयत कधीही अडता कामा नये. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, हे पदाधिकाऱ्यांनी विसरू नये. सन्मानाने दफन होणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये, करोनाच्या ऐन भीतीच्या काळात सांगितले आहे.

आगाऊ पैसे भरून कबरीची जागा अडवणे मात्र योग्य नाही. शहरांतली कबरस्ताने भरली आहेत, काही वर्षांनी त्याच मातीत दुसऱ्याला जागा द्यावी लागते. एका घराण्याने पक्का ओटा बांधून जागा राखून ठेवली, की दुसऱ्या कुणाला तरी मयत घेऊन लांब जावे लागते.

शेवटचा प्रश्न इच्छेचा. हमीद दलवाई १९७७ साली गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन झाले. तो निर्णय सर्वांना पटला नाही, पटण्याची गरजही नव्हती. इच्छा आधी सांगितलेली होती आणि जवळच्यांनी ती पाळली, हे महत्त्वाचे. दफन कुठे व्हावे, घरातल्या स्त्रियांना कबरस्तानात येऊ द्यावे का, नेत्रदान वा देहदान करायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ते मनातच राहिले तर निर्णय भावकी घेते. देहदानाचा अर्ज भरलेला असला तरी प्रत्यक्षात नातेवाइकांची तयारी लागतेच.

म्हणून वहीचे एक पान पुरेसे आहे. त्यावर देणे-घेणे, मेहर दिला की बाकी आहे, पैसे कुठल्या खात्यात, कागदपत्रे कुठे, कुणाला कळवायचे आणि काय करायचे नाही, हे लिहावे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, हेही लिहून ठेवावे. खाली सही, तारीख आणि दोन साक्षीदार. मग ते पान कपाटात दडवू नये. बायको, मुलगे आणि मुली यांना एकत्र बसवून वाचून दाखवावे. पहिल्यांदा घरात कुणी रडेल. त्या रडण्याला भिऊन गप्प बसणाऱ्याने आपले कर्ज मुलांच्या नावावर केलेले असते.