तोंडी नकार ऐकून परत येऊ नका

कर्वेनगरात महर्षी कर्वेंच्या संस्थेच्या कॉलेजांत आपल्याही मुली शिकतात. पण जवळच फ्लॅट बघायला गेलो, की नाव ऐकून एजंट म्हणतो, ‘कोंढव्यात का बघत नाही?’ आपण गप्प परत येतो.

घटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी आहेत. खाजगी घर नाही. त्यामुळे मालकावर सक्ती करता येत नाही. पण मालक विकायला तयार आणि सोसायटीच आडवी येत असेल, तर महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था कायदा आपल्या बाजूने आहे. सबळ कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. तीन महिन्यांत उत्तर आलं नाही, तर सदस्यत्व मिळालं असंच धरतात. नकार आला, तर निबंधकाकडे अपील करता येतं.

म्हणून अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी नकारावर अपील कशाच्या आधारे करणार?