पर्द्याचं नाव पुढे करू नका

वाकोल्यात मी हे अनेकदा पाहिलंय. आठवीतली एखादी मुलगी कबड्डीत झकास चढाई करू लागते आणि तिचे अब्बू शाळेत येतात. “सर, अब लडकी बडी हो गई. पर्दे का सवाल है.” संघातून तिचं नाव कमी होतं.

या अब्बूंना मी 24 ऑगस्ट 2018ची गोष्ट सांगतो. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत अंतिम सामना होता. 2010 आणि 2014चं सुवर्ण जिंकलेल्या भारताला इराणच्या मुलींनी 27-24 असं हरवलं. डोकं झाकून. त्यांच्या प्रशिक्षक कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन.

इराणमधली हिजाबची सक्ती मला मान्य नाही. पण ओढणी चढाईच्या आड येत नाही, हे त्या मुलींनी दाखवून दिलं. मग आपण मुलींना घरी का बसवतो? दीनसाठी नाही, ‘लोग क्या कहेंगे’ या भीतीने. त्या भीतीला दीनचं नाव देऊ नका.

शैलजाताई मुली घडवायला नाशिकहून इराणला गेल्या. आपल्याला लेकीला फक्त गल्लीतून मैदानापर्यंत पाठवायचंय.