काचेचा तुकडा आणि कायद्यातील फट

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १७६(३) नुसार, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. मात्र निष्काळजीपणे मृत्यूस कारणीभूत ठरण्याला न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली कमाल शिक्षा पाच वर्षांची. ठोकरून पळणाऱ्याला दहा वर्षांची तरतूद करणारे १०६(२) ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर त्या दिवशी अमलात आलेच नाही. परिणामी, पादचाऱ्याला चिरडून वाहन पसार झाले, तर तज्ज्ञाची सक्ती उरत नाही.

सुरतेतील कोसाड असो वा आपली पत्रादेवी, अशा वेळी रस्त्यावर अनेकदा काचाच तेवढ्या उरतात. आधुनिक कारखान्यांतील काच इतकी एकसारखी असते की केवळ अपवर्तनांकावरून दोन नमुने वेगळे करणे कठीण जाते. येथे अणुविज्ञान मदतीला येते. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात वाहनांच्या काचांवर असे काम झाले आहे. त्वरकातील प्रोटॉनांचा झोत काचेवर पडताच सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आदी मूलद्रव्ये आपापल्या ऊर्जेचे गॅमा किरण सोडतात. नमुना नष्ट होत नाही. अणुभट्टीतील न्यूट्रॉनांनी तर दशलक्षांश प्रमाणातील मूलद्रव्येही मोजता येतात.

तथापि, या पुराव्याला मर्यादा आहेत. एकाच घाण्यातील काच असंख्य गाड्यांत बसते. त्यामुळे रचना न जुळल्यास तो तुकडा त्या काचेचा नव्हे, असे ठामपणे म्हणता येते. जुळल्यास केवळ संशय बळावतो. शिवाय अनेक नव्या गाड्यांच्या दिव्यांवर काच नसून पॉलिकार्बोनेट असते.

गोव्यात वेर्णे येथे राज्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, फोंड्यात राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे संकुल आहे. उणीव आहे ती पहिल्या तासाची. वाहतूक मोकळी करण्याच्या घाईत काचा झाडून टाकल्या, तर अणुभट्टीही हतबल ठरते. केंद्रीय कायद्याची वाट न पाहता, प्रत्येक प्राणघातक अपघातात काचांचे नमुने स्वतंत्र पाकिटांत सीलबंद करून पंचनाम्यात नोंदवण्याचा आदेश राज्य सरकार काढू शकते. त्याला खर्च फारसा नाही. इच्छाशक्ती मात्र लागेल.