उन्हाळ्याचा मिजाज

सणसरच्या शिवारात वैशाखात खुरपायला गेलेली बाई दुपारी डोकं धरूनच घरी येते. दादी म्हणते, "उष्णता झाली, सब्जा भिजव." युनानी हकीम याला मिजाज म्हणतात: गरम-सर्द, तर-खुश्क. चिनी वैद्यकातही हाच हिशेब आहे. ते उन्हाळ्याचं नातं हृदयाशी जोडतात आणि अंगातली आग शमवायला हिरव्या मुगाचं पातळ कढण पितात. मूग तर आपल्या डब्यातच असतो! कलिंगड त्यांनाही थंड, आपल्यालाही.

पण भगिनींनो, अंग भट्टीसारखं तापलंय, बोलणं असंबद्ध झालंय, तोल जातोय, तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजा. तिथे सब्जा चालत नाही. सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन लावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात सरबत घालू नका.

नुसता थकवा असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. रूह अफजा १९०७ पासूनचा, हकीम अब्दुल मजीद यांचा. पण मधुमेहवाल्या अब्बांना त्याऐवजी ताकच द्या.