जुन्या पेटीचा जीर्णोद्धार

घरांतील सर्वांचीं छायाचित्रें व कागदपत्रें जाळ्यास जोडलेल्या एकाच संग्रहपेटींत ठेवण्याची चाल आतां पुष्कळ कुटुंबांत पडली आहे. पेटी दहा वर्षें सहज टिकते. तिच्या आंतील फर्मवेअरची काळजी कारखानदार तितकीं वर्षें घेतोच असें नाहीं. वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ला शेवटचें फर्मवेअर २०१५ सालीं मिळालें, जून २०२१ मध्यें इंटरनेटवरून आलेल्या दुष्ट आज्ञांनीं जगभरच्या कित्येक पेट्या एकाएकीं कोऱ्या झाल्या.

अशा पेटींत ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही नवी, परंतु कारखानदाराचा पाठिंबा नसलेली प्रणाली घालतां येते. आमच्या मतें हें करणें योग्यच. मात्र विधि पाळून. देवालयाच्या जीर्णोद्धारापूर्वीं देवता कलशांत नेऊन ठेवितात, तद्वत् सारा संग्रह आधीं अन्यत्र उतरवावा. या पेटीची प्रणाली व आपला संग्रह एकाच हार्ड डिस्कवर वसतात. नवी घालतांना जुनें पुसलें जातें. शिवाय संग्रहाचा विभाग ६४ किलोबाइटच्या खंडांनीं आंखलेला असल्यामुळें डिस्क काढून साध्या संगणकास जोडली तरी तो ती सहसा वाचीत नाहीं. यास्तव नक्कल जुनी प्रणाली चालू असतांनाच, घरच्या जाळ्यावरून काढावी, व तोंपर्यंत बाहेरचें इंटरनेट तोडून ठेवावें. मेमरी अवघी २५६ मेगाबाइट; तेव्हां फाइली देण्याघेण्यापलीकडे (मुलें पुष्कळ मागतील!) नव्या प्रणालीकडून फारसें कांहीं अपेक्षूं नये. नकलेंतील चार-दोन चित्रें उघडून पाहिल्यावांचून जुनी प्रणाली पुसूं नये.