पाणी सातबाऱ्यावर की माणसावर?

बँकेत कृषिकर्जाचे टेबल सांभाळताना विहिरीच्या आणि बोअरच्या कर्जाचे कितीतरी अर्ज मी मंजूर केले. सातबारा पाहायचा, तारण पाहायचे, दोन विहिरींतले अंतर कागदावर बसले की सही करायची. शेजारच्या विहिरीच्या पाण्याचे काय होईल, हे मी कधी विचारले नाही. एकाची बोअर खोल गेली की दुसऱ्याची विहीर आटायची. मग तोही कर्जासाठी माझ्याच टेबलापुढे उभा राहायचा!

आज हवामानबदलाशी 'जुळवून घेण्या'ची भाषा ऐकली की ते अर्ज आठवतात. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे शास्त्रज्ञ सांगतात. पाऊस एकदम कोसळतो, मग दडी मारतो. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा वेळी आपल्याला आणखी खोल बोअर सुचते, म्हणजे पुन्हा तीच शर्यत.

ही शर्यत थांबवता येते, हे आपल्याच मातीत सिद्ध झाले आहे. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या पुण्याच्या अभियंता-उद्योजकाने पुरंदर तालुक्यात, नायगावला पाणीपंचायतीचा प्रयोग केला. त्याचा नियम आमच्या बँकेच्या अगदी उलटा होता. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचे नाही, घरातल्या माणसांवर द्यायचे : माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. पुढे नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पावसाचा ताळेबंद मांडून ग्रामसभेत पिके ठरवली, शेतीसाठी बोअर बंद केल्या.

ही गावे पाहायला आपण कौतुकाने जातो. त्यांचा नियम मात्र तिथेच ठेवून परततो. याचे खापर ऊस लावणाऱ्यावर फोडणे सोपे आहे. पण उसाला कायद्याने ठरलेला दर आहे, कारखान्याचे गिऱ्हाईक आहे, म्हणून बँकही निर्धास्त असते. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने घेणारा भेटेलच असे नाही. मुलांच्या फीची चिंता असलेल्या बापाने कोणते पीक घ्यावे?

तेव्हा त्याग एकट्या शेतकऱ्याकडे मागता येणार नाही. ज्वारी-तुरीची खात्रीची खरेदी हवी, आणि पाणी सगळ्या गावाचे आहे हे मानणारा नियम हवा. निदान कर्जाच्या अर्जात शेजारच्या विहिरीसाठी एक रकाना हवा. माझ्या सह्या आता मला परत घेता येत नाहीत.